21 हजार पाउंडाची आरव्ही ओढायला सेमी ट्रक: दादा-वहिनींची पूर्ण केस

माझ्या मावसभावाची केस आहे ही, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. ह्यूस्टनला ऑइल अँड गॅसमधून रिटायर झाला, मुलगा डेन्व्हरला, मुलगी बे एरियात, मग दोघांनी ठरवलं की घर विकून पूर्णवेळ आरव्हीतच, म्हणजे चाकांवरच्या घरातच राहायचं. नातेवाईकांनी तोंडात बोटं घातली तो भाग सोडून देऊ. आधी आरव्ही बुक केली आणि मग ती ओढायला काय घ्यायचं त्याचा शोध सुरू झाला. उलटा कारभार म्हणून बऱ्याच जणांनी नावं ठेवली, मला मात्र हाच क्रम बरोबर वाटतो. ट्रक आधी घेतलेली माणसं मग शोरूममधे मोठं घर बघून पाघळतात, ट्रकला झेपत नाही ते घेतात आणि वजनाचा विषय निघाला की इकडेतिकडे बघतात.

तर आरव्ही म्हणजे इंडियानात बनलेली 41 फुटी फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकच्या पाठीवर टेकवून ओढायचं घर. जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरून जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा, 21,000 पाउंड. किलोत साडेनऊ टन. रिकामीच 17,000 च्या पुढे, कारण भिंती जाड, खाली दोन 8,000 पाउंडांचे अ‍ॅक्सल, आत वॉशर-ड्रायर, मोठा फ्रिज, सगळं. त्यात वहिनींची घरघंटी, दोन कुकर, आणि दादाची हत्यारं (हा माणूस टॉर्क रेंच सोडून बायकोबरोबर देवळातही जाणार नाही). आम्ही अंदाज धरला भरून 20,000.

फिफ्थ व्हीलचं गणित साध्या ट्रेलरपेक्षा वेगळं असतं आणि इथेच बहुतेक लोक गंडतात. मागच्या हुकला लावायच्या ट्रेलरचं 10 ते 15 टक्के वजन गाडीवर येतं. फिफ्थ व्हीलचा पुढचा भाग ट्रकच्या बेडमधल्या (मागच्या सामानाच्या जागेतल्या) हिचवर, म्हणजे जोडणीवर, मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळपास डोक्यावर, किंगपिन नावाच्या लोखंडी खुंटीने टेकलेला असतो, त्यामुळे 20 ते 25 टक्के वजन थेट ट्रकच्या पाठीवर. 20,000 चे 23 टक्के धरले तर 4,600 पाउंड, दोन टनांच्या वर. ओढायचं वजन वेगळं, हे नुसतं वाहायचं.

पहिला पर्याय अर्थातच ड्युअली पिकअप, एक टनी (हे नुसतं वर्गाचं नाव), मागे चार चाकं. डीलरकडचा सेल्समन म्हणाला, अंकल ये तो 35 हजार पाउंड खींचता है (देसी होता, दादाला बघून हिंदीत सुरू झाला). खोटं नव्हतं बरं का, आजकालच्या मोठ्या ड्युअली तेवढं ओढतात कागदावर. पण मी दादाला म्हणलं की ब्रोशर राहू दे, ड्रायव्हरचं दार उघड आणि चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाच. त्याच्यावर लिहिलेलं असतं माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, आणि हा आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, लेदर सीट, सनरूफ, फोर बाय फोर जितकं वाढवाल तितका कमी होत जातो. त्या गाडीवर होता 5,150. आता वजा करत चला, दोन माणसं 330, हिच 250, टूलबॉक्स आणि जनरेटर 300. उरले 4,270. पिनवर येणारं वजन 4,600. म्हणजे घर जोडलं की गाडी 330 पाउंडांनी ओव्हरलोड, आणि अजून डॉगी, कूलर, सरपण काहीच धरलेलं नाही.

आता 330 पाउंड म्हणजे काय मोठं, असं म्हणणारे भरपूर भेटतात. गाडी चालतेच, मोडून पडत नाही. पण दादा आयुष्यभर प्रेशर व्हेसलची रेटिंगं बघत आलेला माणूस, तो म्हणाला, "रेटिंगच्या वर रोज चालवायचं असेल तर मग रेटिंग लिहितात कशाला?" विषय संपला. कधीतरी सुट्टीत दोनशे मैल जाणारा असता तर मी वेगळं बोललो असतो कदाचित, पण हे दोघं वर्षभर रस्त्यावर राहणार, रॉकीज ओलांडून मुलीकडे जाणार, तिथे काठावरची गाडी नकोच.

मधेच लायसन्सचा घोळ निघाला. सेल्समन म्हणाला होता पिकअपला साधं लायसन्स पुरतं. टेक्ससमधे ट्रक आणि ट्रेलर मिळून रेटिंग 26,000 च्या वर गेलं आणि ट्रेलर 10,000 च्या वर असेल तर क्लास ए लागतो. धंद्यासाठी चालवत नसाल तर सीडीएल, म्हणजे धंद्याचं लायसन्स, नाही लागत, पण बिनधंद्याचा क्लास ए लागतो, लेखी परीक्षा आणि गाडी चालवून दाखवायची परीक्षा दोन्ही. ड्युअलीचे 14,000 आणि आरव्हीचे 21,000 म्हणजे 35,000 झाले की. सेमी नको कारण लायसन्सची कटकट, हे कारणच उडालं, कटकट दोन्हीकडे सारखी. राज्याराज्यात नियम वेगळे, साउथ डकोटात आरव्हीला असं काही लागत नाही, म्हणून पुष्कळ फुलटाइमर तिथला पत्ता घेतात, पण दादाला टेक्सस सोडायचं नव्हतं.

दुसरा पर्याय मधला, मीडियम ड्युटी. फोर्डच्या एफ-550 वर ओढायच्या कामाची हॉलर बॉडी बसवलेली, जीव्हीडब्ल्यूआर 19,500, किंवा फ्रेटलायनर एम-टू वर बनवलेले खास आरव्ही ओढायचे ट्रक, कमिन्सचं इंजिन आणि अ‍ॅलिसनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. वजनाच्या हिशोबात मस्त बसतात, चालवायला सोपे, अ‍ॅलिसन तर लोण्यासारखा. माझं मत याच्याच बाजूने होतं सुरुवातीला. पण बाजारात कमी असतात आणि मागणी बरी म्हणून जुन्यालाही किंमत तगडी, दादाने बघितलेले दोन्ही तयार सेमीपेक्षा महाग निघाले. आणि इंजिन 8-9 लिटरचं, घाट उतरताना इंजिन ब्रेकचा (इंजिननेच गाडी रोखून धरायची सोय) धाक मोठ्या ट्रकइतका नाही.

तिसरा सेमी. आपल्याकडे ट्रेलरचा घोडा म्हणतात तोच, क्लास 8, रेटिंग 33,000 च्या वर. घरच्यांच्या कॉलवर हे निघालं तेव्हा सगळे हसले. पण हिशोब मांडला तर हसण्यासारखं काही नव्हतं. इथल्या मोठ्या फ्लीट कंपन्या ठराविक मैल झाले की ट्रक काढून टाकतात, मेन्टेनन्सची फाइल व्यवस्थित असते, पाच-सहा लाख मैल झालेले असतात आणि पिकअपच्या हिशोबात ती गाडी भंगारात जायला हवी पण या इंजिनांना दहा लाख मैल काही विशेष नाही. दादाला मिळाला तो 2013 चा व्हॉल्वो व्हीएनएल 670, 12.8 लिटरचं डी-13 इंजिन, आय-शिफ्ट गिअरबॉक्स, म्हणजे बारा गिअर पण क्लच पेडलच नाही, गाडी आपणच बदलते. वहिनींची पहिली अट हीच होती, "मी पण चालवणार, आणि मला क्लच नको." वहिनी जेमतेम पाच फूट. एअर सीट खालीवर करून त्या बसल्या आणि म्हणाल्या की पिकअपपेक्षा इथून जास्त दिसतंय. पुढे लायसन्सची परीक्षाही त्यांनीच आधी पास केली, दादा रिव्हर्समधे लटकला एकदा.

वर्षावरून आमचा बराच वाद झाला. 2007 पासून डिझेल ट्रकला धुराचा फिल्टर आला, डीपीएफ, आणि 2010 च्या नियमांनंतर बहुतेकांना डीईएफ, ते युरियाचं पाणी. जुनी मंडळी सांगतात 2006 च्या आधीचाच घ्या, सेन्सर नाहीत, डोक्याला ताप नाही. खरंय थोडं. फिल्टरला अधूनमधून गरम होऊन काजळी जाळावी लागते, गाडी हायवेला चालत राहिली तर ते आपोआप होतं, आणि नुसती कॅम्पग्राउंडवर आयडलिंग करत उभी राहिली तर चोक होते, खर्च हजारांत. पण 2006 चा ट्रक म्हणजे वायरिंग, सीलं, रबराचे पाइप, सगळं म्हातारं. मी नव्याच्या बाजूने होतो, कारण हे लोक एकदा निघाले की तीन-चारशे मैल जाणार, फिल्टरला तेच हवं असतं. एकच नियम ठरवला, पार्किंगमधे एसीसाठी ट्रक चालू ठेवायचा नाही.

मग अ‍ॅक्सल. सेमीला मागे दोन ड्राइव्ह अ‍ॅक्सल असतात, मिळून साधारण 40,000 पाउंडांचे. आरव्हीला त्याची काडीची गरज नाही, म्हणून एक काढून टाकतात, याला सिंगल करणं म्हणतात. दहाच्या जागी सहा टायर, वळायला गाडी आटोपशीर, वजन कमी. तोटा असा की ओल्या गवतावर एकच अ‍ॅक्सल फिरत बसतो, आणि बरीच कॅम्पग्राउंडं गवताचीच असतात, त्यामुळे डिफरन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही बाजूची चाकं एकत्र फिरवायची सोय, आहे का ते बघूनच घ्या. दादाचा ट्रक एका शॉपने आधीच सिंगल करून मागे बेड बांधून तयार ठेवलेला होता. स्वतः फ्लीटचा ट्रक घेऊन करून घ्यायचा असेल तर स्वस्त पडतं पण चार-सहा महिने फॅब्रिकेटरच्या दारात खेटे घाला.

हिचची गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण इथे पैसे वाचवायला जाऊन लोक लाखाचे बारा हजार करतात. सेमीवर आधीपासून जी काळी, ग्रीस फासलेली प्लेट असते ती वापरता येईल असं वाटतं, पिनचा व्यास तर तोच दोन इंच. पण ती प्लेट फक्त पुढे-मागे झुकते, डावी-उजवीकडे नाही, आणि आरव्हीची फ्रेम मालवाहू ट्रेलरइतकी दणकट नसते, खड्ड्यात ट्रक एका बाजूला कलला की पीळ सगळा पिनबॉक्सवर (पिन जिथे बसवलेली असते तो भाग) आणि फ्रेमच्या वेल्डवर. दुसरं म्हणजे ट्रकचं सस्पेन्शन कितीतरी जास्त वजनासाठी बनलेलं, त्याला आपले 4,600 पाउंड म्हणजे पाठीवर दप्तर, त्यामुळे ते दबतच नाही आणि प्रत्येक धक्का घराला. म्हणून एअर राइड हिच घ्यायचा, चारी बाजूला झुकणारा, खाली हवेच्या बॅगा असलेला. महाग आहे, पिकअपच्या साध्या हिचच्या कितीतरी पट. वहिनींच्या कपाटातल्या काचेच्या बरण्या अजून शाबूत आहेत ते त्याच्यामुळेच असं माझं म्हणणं. उंचीही जुळवावी लागते, ट्रकची चेसिस उंच, हिच वर बसवला तर आरव्हीचं नाक वर जातं आणि मागच्या अ‍ॅक्सलवर वजन सरकतं.

ब्रेक आणि दिवे. सेमीची सगळी भाषाच हवेची. डॅशबोर्डवर दोन नॉब, पिवळा ट्रकच्या पार्किंग ब्रेकचा, लाल ट्रेलरला हवा पुरवण्याचा. सकाळी इंजिन चालू केलं की प्रेशर 120 च्या आसपास जाईपर्यंत थांबायचं, 60 च्या खाली असेल तर बझर बोंबलत राहतो, मग पिवळा नॉब आत दाबायचा, फुस्स करून ब्रेक सुटतात. लाल तसाच बाहेर ठेवायचा, कारण आरव्हीला हवेचे ब्रेक नाहीतच. दादाच्या आरव्हीला इलेक्ट्रिक ओव्हर हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत, म्हणजे ट्रककडून त्यांना विजेचा सिग्नल हवा. त्यासाठी ट्रकच्या ब्रेकच्या हवेचं प्रेशर मोजून त्या प्रमाणात सिग्नल देणारा कंट्रोलर बसवावा लागतो. वायरिंगचंही तसंच, सेमीच्या गोल सात पिनांच्या सॉकेटमधे ब्रेक लाइट आणि इंडिकेटर वेगवेगळ्या तारांवर, आरव्हीच्या सात पिनांत दोन्ही एकाच तारेवर, शिवाय आरव्हीला बॅटरी चार्जिंगची तार लागते. मधे कन्व्हर्टर नसेल तर ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे भलतंच काहीतरी करतात. शॉपने हे सगळं केलेलं होतं पण दादाने एकेक पिन मीटर लावून तपासली, आणि चार्जिंगची तार जोडलेलीच नव्हती. तेवढं त्यांनी निमूटपणे करून दिलं.

कागदपत्रं. सेमी ट्रक म्हणून नोंदवला तर इन्शुरन्सवाले धंद्याचा दर लावतात, म्हणून मोटरहोम म्हणून नोंदवायचा प्रयत्न करतात लोक. बऱ्याच राज्यांत सहापैकी चार सोयी गाडीत कायमच्या असाव्या लागतात, स्वयंपाक, फ्रिज, टॉयलेट, हीटिंग किंवा एसी, पाण्याची टाकी आणि सिंक, 110 व्होल्टची वीज किंवा गॅस. स्लीपरमधे, म्हणजे केबिनमागच्या झोपायच्या खोलीत, फ्रिज होताच, छोटा सिंक आणि इंडक्शन बसवलं, झालं. इन्शुरन्सला तीन-चार ठिकाणी नकार ऐकला, कॉम्प्युटरमधे व्हॉल्वो व्हीएनएल टाकलं की पलीकडचा माणूस विचारतो कंपनीचं नाव काय. शेवटी अशाच गाड्यांचं काम करणारा एजंट मिळाला आणि हप्ता पिकअपच्या कोटेशनपेक्षा थोडा कमीच आला. ट्रक घ्यायच्या आधी हे फोन करा, नंतर नाही.

खर्चाचं थोडक्यात. तयार केलेला सेमी नव्या भारी ड्युअलीपेक्षा स्वस्त पडला. ओढताना मायलेज दोघांचंही गॅलनला 8-9 मैल, काही फरक नाही. सर्व्हिस मात्र खिशाला चाट, डी-13 मधे ऑइलच 35-36 लिटर जातं, पण बदलायचं अंतरही तसंच लांब. आणि पिकअपच्या डीलरकडे नेता येत नाही, ट्रकच्या शॉपमधे धंदेवाल्यांची रांग आधी, तुम्ही नंतर.

आता ज्याच्यासाठी एवढा अट्टाहास केला ते, म्हणजे थांबणं. डेन्व्हरहून पश्चिमेला आय-70 वर आयझेनहॉवर बोगदा लागतो, 11,158 फूट, आणि बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत 7 टक्के उतार, वाटेत ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रेतीचे रॅम्प. मी त्या फेरीत बरोबर होतो. दादाने वरच वेग कमी केला, इंजिन ब्रेकची दांडी खाली ओढली, आय-शिफ्टने दोन गिअर उतरवले आणि गाडी 35 ला जी धरली ती खालपर्यंत. पायाचा ब्रेक मोजून एक-दोनदा. घाटात न्यूट्रल मारू नको आणि ब्रेकवर नाचू नको हे आपल्याकडे खंबाटकीला शिकलेलं तेच इथे, फक्त मागे नऊ टनांच्या वरचं घर. ड्युअलीलाही एक्झॉस्ट ब्रेक असतो आणि चांगला असतो, पण साडेचार टनाच्या आतली गाडी दुपटीहून जास्त वजन रोखतेय आणि आठ टनांची रोखतेय यात फरक पडतोच, विशेषतः बाजूने वारा सुटला की.

सिल्व्हरथॉर्नच्या पुढे एका ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्यावर, सगळं वजन केलं. पावती अशी: पुढचा अ‍ॅक्सल 10,460, मागचा 12,880, आरव्हीचे अ‍ॅक्सल 15,340, एकूण 38,680. मग आरव्ही सोडून नुसता ट्रक परत चढवला, 18,600. म्हणजे आरव्ही 20,080, त्यातले 4,740 पिनवर. ड्युअलीचं आमचं कागदावरचं गणित थोडं उदारच होतं म्हणायचं. मागच्या अ‍ॅक्सलची क्षमता साधारण 20,000, तिथे 12,880, ट्रकला पत्ताही नाही.

पण पावतीतला तिसरा आकडा बघा. आरव्हीचे दोन अ‍ॅक्सल मिळून 16,000 चे, आणि वर 15,340. सेमीने ट्रकचा प्रश्न मिटवला, ट्रेलरचा नाही. पुढे कितीही दणकट घोडा लावा, मागच्या चार टायरांना झेपायचं तेवढंच झेपतं, आणि सेमीवाल्यांची सवयच होते की ट्रकला काही वाटत नाही म्हणून घरात कोंबत राहायचं. वहिनींना पावती दाखवली तर त्या म्हणाल्या, "घरघंटी ट्रकमधे ठेवू." बरोबरच आहे, स्लीपरमधे जागा ढीग आहे, हत्यारं पण तिकडेच गेली आणि पाण्याची टाकी प्रवासात पाव भरायची ठरली.

एक गोष्ट लोंबकळत आहे अजून. कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर दुधाला जायला सेमी कोण काढणार? म्हणून सेमीवाले केबिनच्या मागे बेडवर स्मार्ट कार आडवी चढवतात. दादाच्या बेडवर जागा आहे, रॅम्पही आहेत. पण गाडीची रुंदी 102 इंचांपर्यंत चालते आणि 2008 नंतरची अमेरिकेत विकलेली स्मार्ट 106 इंच लांब, दोन-दोन इंच दोन्हीकडे बाहेर. बरेच लोक तशीच नेतात. शिवाय त्या बेडमुळे पूर्ण जोडी आत्ताच 66 फुटांच्या आसपास आहे आणि मुलगी राहते त्या कॅलिफोर्नियात मर्यादा 65 ची. दादा म्हणतो बेड मागून दीड फूट कापून हिच पुढे घेऊ, तसं केलं तर स्मार्ट बसत नाही. वहिनी म्हणतात दोन इलेक्ट्रिक सायकली घ्या. सध्या पुढच्या मोसमापर्यंत नेवाडात थांबून मुलीलाच तिकडे बोलवायचं असं चाललंय, आणि कापायच्या कामाचं कोटेशन मागवलंय.